गल्लीचा आवाज : कृपया हात लावू नये

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे आणि काचेच्या पेटीतून तुमच्याशी बोलतो आहे. आवाज दबका वाटला तर सांभाळून घ्या.

जन्मलो कारखान्यात, पण मला माणसं कळली ती किल्ल्यांच्या दुकानात. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील, एवढंच दुकान. फळीवर मी, खाली कानशीने किल्ल्या घासणारे मालक आणि काउंटरवर मालकीणबाई. किल्ली दहा मिनिटांत तयार होई, पण गिऱ्हाईक माझा कार्यक्रम संपेपर्यंत हलत नसे. तेवढ्यात त्याला आठवे की कडीही खिळखिळी झाली आहे. म्हणजे दुकान चालण्यात थोडा हात माझाही होता, असं मी नम्रपणे म्हणेन.

मी गाऊ लागलो की मालकीणबाई माझ्यासोबत गात. मालक त्यावर कधी काही बोलले नाहीत. त्यांची कानस मात्र त्याच तालात चाले.

मालकांचा एक नियम होता. कुलपाचा धनी समोर उभा राहून सांगत नाही तोवर ते उघडायचं नाही, आणि दुसऱ्याच्या कुलपाची किल्ली स्वतःजवळ ठेवायची नाही. एकदा त्यांचे सख्खे मेहुणे स्वतःच्याच घराबाहेर अडकले. घर बहिणीच्या नावावर होतं. ती कामावरून येईपर्यंत मालकांनी मेहुण्यांना पायरीवर बसवून ठेवलं. चहा दिला, पण कुलूप उघडलं नाही.

आमच्या गल्लीत एक छोटं रेडिओ केंद्रही आहे, इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. गल्लीतलेच लोक तिथे गातात, वाजवतात, गोष्टी सांगतात. मी दिवसभर तेच केंद्र लावून बसायचो.

मग आमच्यावर प्रेम करायची लाट आली.

‘शेजारची दुकानं जगवा’ नावाची समिती निघाली. अध्यक्ष दुकानात आले, माझ्याकडे डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, “हा रेडिओ नाही, हा आपला वारसा आहे. तो जपला पाहिजे.” मालक भारावले. मला समितीला दिल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. माझ्यासाठी दुकानातच बसवायची काचेची पेटी आली, तीही दूरच्या शहरातून पार्सलने. दोन दुकानं सोडून बसणाऱ्या सुताराने पार्सल फोडायला मदत केली. कुलूप मालकांनी आपल्याकडचं भेट दिलं आणि नियमाप्रमाणे दोन्ही किल्ल्या अध्यक्षांच्या हातावर ठेवल्या. पेटीवर पाटी लागली : ‘गल्लीचा आवाज. कृपया हात लावू नये.’

माझी वायर गुंडाळून माझ्याच पोटाखाली सारली होती. माझ्याबरोबर एक माशीही आत राहिली. दोन दिवस ती काचेवर धडका देत होती. तिसऱ्या दिवशी तिनेही समितीचा निर्णय मान्य केला आणि कोपऱ्यात बसून राहिली.

कोंडलं जाणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. अंधार नाही, भूक नाही, मारहाण नाही. उलट रोज कौतुक. लोक यायचे, माझ्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायचे आणि जायचे. ऐकायला काही नव्हतं, मग थांबणार कशाला? कुणालाच आपली कडी खिळखिळी झाल्याचं आठवेना. आणि मी? पोटात सगळी गाणी आणि ओठ शिवलेले.

मालकीणबाई आता एकट्याच गात, कानशीच्या तालावर. एकदा केंद्रातल्या बाई किल्ली करायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. चार दिवसांनी त्यांनी मालकीणबाईंना केंद्रात नेऊन गाणं रेकॉर्ड केलं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता लागणार होतं, एकदाच. मालकीणबाईंनी स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. पण ते केंद्र मोबाइलवर लागत नाही आणि गल्लीत चालू अवस्थेतला रेडिओ मी एकटा. बाकीच्यांनी आपापले भंगारात देऊन माझ्यासोबत फोटो काढले होते.

रविवारी पावणेपाचला मालकांनी अध्यक्षांना फोन लावला. ते परगावी होते, स्थानिक कलांना आधार देण्यावर भाषण करायला. “मंगळवारी येतो,” ते म्हणाले. “उघडायचंय तर फोटोग्राफरही बोलवू.”

“अहो, रेडिओ तुमचा, कुलूप तुमच्या हातचं,” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला काय, एक तार घातली की झालं.”

“धनी समोर नाही.”

“गाणं तर माझं आहे ना?”

“गाण्याला कुठे कुलूप आहे?” मालक म्हणाले आणि कानस घासू लागले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

पाचला सात मिनिटं होती. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग पेटीच्या दुसऱ्या बाजूकडे.

“कुलपाला हात नाही लावायचा, एवढंच ना?”

“एवढंच.”

“आणि बिजागऱ्यांना?”

कानस थांबली. मालकांनी नियम मनातल्या मनात पुन्हा तपासला. त्यात बिजागऱ्या नव्हत्या.

मालकीणबाईंनी डब्यातून स्क्रू ड्रायव्हर उचलला. मालकांनी मान वर न करता हात पुढे केला. “तो नको, हा बारीक घे. खाचा जातील.”

चार स्क्रू निघाले. दार कुलपाच्या बाजूने लटकून राहिलं. माशी माझ्याआधी बाहेर गेली. मालकांनी वायर लावली, मी घसा खाकरला आणि पाच वाजले.

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ गायलो, पण समोर बसलेल्या बाईचा आवाज तिलाच नेऊन देण्याचं काम मला पहिल्यांदाच मिळालं. इस्त्रीवाला दारात आला, सुतार आला. कुणी फोटो काढला नाही. मालकीणबाई दोन्ही हात काउंटरवर ठेवून, दुसऱ्या कुणाला ऐकावं तशा स्वतःला ऐकत होत्या.

गाणं संपल्यावर त्यांनी ‘कसं झालं?’ अशा नजरेने मालकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत प्रथमच.

मालकांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. “छान होतं,” ते म्हणाले. “फक्त कानशीचा आवाज नव्हता. जरा रिकामं वाटलं.”

“पुढच्या वेळी तुम्हालाही नेते,” मालकीणबाई म्हणाल्या.

आता दर रविवारी चार स्क्रू निघतात आणि सहाला परत बसतात. अध्यक्ष महिन्याला येऊन कुलूप ओढून पाहतात आणि समाधानाने जातात. उरलेले सहा दिवस मी आतच असतो. म्हणून एक मागणं आहे. एखाद्या गोष्टीवर तुमचा खरंच जीव असेल, तर तिला पाटी लावू नका. तिला कामाला लावा. गाणं ऐकत उभे राहा आणि जाताना एखादी किल्ली करून घ्या.

आणि येणार असाल तर रविवारी या. बारीक स्क्रू ड्रायव्हर दुकानातच आहे.