हप्त्यावरची पांढरी वॅगनआर

गाडी घ्यायची हे विनिता देशकरने एका मंगळवारी दुपारी, टेबलावरच्या फायली आवरता आवरता ठरवलं. पलीकडच्या टेबलावरची कांचन आपल्या वडिलांच्या मित्राबद्दल बोलत होती. नीळकंठकाका भेलमधून निवृत्त झालेले, कोलार रोडलाच राहतात, डोळ्यांनी दगा दिलाय म्हणून गाडी विकतायत.

"केवढ्याला?" विनिताने विचारलं.

कांचनचा हात चहाच्या कपावर थांबला. नोकरीला लागल्यापासूनच्या अकरा महिन्यांत विनिताने स्वतःहून विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न होता.

विनिताचा नवरा दिलीप जलसंसाधन खात्यात उपअभियंता होता. दीड वर्षापूर्वी धरणाच्या साइटवर, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर हिला त्याच खात्यात कारकुनाची नोकरी मिळाली. बाग सेवनियाहून कोलार रोडवरच्या ऑफिसला यायला तिला दोन ऑटो बदलावे लागत. लोक म्हणत, विनिताने फार धीराने घेतलं. तिला मात्र दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर जसं होतं तसं झालं होतं. गाल असतो, पण आपला वाटत नाही. रडू यावं म्हणून तिने सुरुवातीला वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

रविवारी ती कांचनबरोबर गाडी पाहायला गेली. दोन हजार सतराची पांढरी वॅगनआर. नीळकंठकाकांनी विकणाऱ्या माणसाने सांगू नये ते सगळं सांगितलं.

"हा ओरखडा माझा. फाटकाचा खांब दिसला नाही. एसी चालू केला की पाच मिनिटं कुरकुरतो, मग गप्प बसतो. टायर पुढचे दोन नवे, मागचे बदलावे लागतील. तीन लाख दहा हजार म्हणतोय मी. तुम्ही किती म्हणता?"

"तेवढेच," विनिता म्हणाली.

कांचनने तिला कोपर मारलं. पण घासाघीस करायची तर ती वस्तू स्वस्तात हवीशी वाटावी लागते, आणि विनिताला तर ती हवीशी वाटतेय की नाही हेही नीट कळत नव्हतं.

सत्तर हजार तिच्याकडे साठले होते. उरलेल्या पैशांसाठी ती पगाराचं खातं होतं त्या बँकेत गेली. कर्जाच्या टेबलावर तन्वी नावाची मुलगी होती, इंदूरची, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणारी. तिने बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅम, तुमचा सिबिल स्कोअरच येत नाहीये."

"म्हणजे वाईट आहे?"

"वाईट असता तरी आला असता ना. मायनस वन दाखवतंय. म्हणजे तुमची हिस्टरीच नाही. आजपर्यंत तुम्ही कुठून काही कर्ज घेतलंच नाहीये."

"घर घेतलं होतं आम्ही."

"ते सरांच्या नावावर. सर गेल्यावर विम्यातून लोन बंद झालं. उसमें आप कहीं नहीं हैं."

विनिताने मान हलवली. पंचवीस वर्षं ती त्या घराच्या हप्त्यांसाठी महिना ओढत आली होती. साड्या पुढे ढकलल्या होत्या, एकदा तर आईच्या आजारपणात अमरावतीला जाणंही. याचं वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात येऊन गेलं. वाटलं काहीच नाही.

तन्वीलाच तिची दया आली असावी. आवाज खाली आणून ती म्हणाली, "मॅम, सरांची बारा लाखांची एफडी आता तुमच्या नावावर आहे. त्यावर लोन घ्या, दोन दिवसांत होईल, व्याजही कमी. नाहीतर थोडी मोडा. जुन्या गाडीला आम्ही तेरा टक्के लावतो. ये तो घाटे का सौदा है."

"नको."

"पण का?"

"माझ्या पगारावर मिळेल का, तेवढं बघा."

रात्रीच्या जेवणाआधी पुण्याहून आशयचा, तिच्या मुलाचा, फोन आला. कांचनने त्याला कळवलं होतं.

"आई, मी आत्ता ट्रान्सफर करतो. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको रे."

"अगं, पैसे असताना तेरा टक्के कोण भरतं? बाबांनी कशासाठी ठेवलेत?"

"ते बाबांचे आहेत."

"आणि माझे?"

"तुझे तुझे आहेत."

"मग तुला नक्की काय करायचंय?"

तिला खरंच सांगता आलं नाही. "माहीत नाही मला," ती म्हणाली. मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला. तो दुखावला होता हे तिला कळलं. पोळ्या करायला ती उठली.

बँकेने पगाराच्या पावत्या मागितल्या, ऑफिसचं पत्र मागितलं, शिवाय जामीनदार मागितला. जामीनदार म्हणून कांचन आली. सही करण्याआधी म्हणाली, "हप्ता चुकवलास तर मुक्कामाला येईन तुझ्याकडे. दोन्ही वेळचं जेवण करायला लावीन." तन्वी हसली, विनिताही हसली. हसताना ओठ बरोबर हलतायत ना, याकडे तिचं लक्ष होतं.

मग सह्यांवर घोडं अडलं. बँकेकडे तिच्या सहीचा जो नमुना होता तो वीस वर्षांपूर्वीचा, दिलीपबरोबर खातं उघडतानाचा. त्यात 'देशकर'मधला र खाली लांब ओढून त्याला गिरकी घेतलेली होती. आताची सही सरळ आणि आखूड.

"थोडं तसं करून बघा ना, मॅम," तन्वी म्हणाली.

विनिताने कोऱ्या कागदावर सात-आठ वेळा करून पाहिलं. गिरकी काही केल्या जमेना. शेवटी नव्या नमुन्याचा अर्ज भरला आणि तिने सगळीकडे आखूड सहीच केली. दोन लाख चाळीस हजार, चार वर्षं, महिन्याला सहा हजार चारशे एकोणचाळीस.

पैसे जमा झाले त्या शनिवारी ती गाडी आणायला गेली. नीळकंठकाकांनी गाडी धुऊन ठेवली होती. त्यांनी दोन्ही किल्ल्या, पुस्तिका, स्टेपनीचा पाना, सगळं एकेक करून तिच्या हातात दिलं. द्यायचं संपल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा एकदम मोडला. ते रडायला लागले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, फाटकाशी उभा राहून, शेजारपाजारची पर्वा न करता हुंदके देत होता.

"माफ करा," ते म्हणत होते, "हे काय माझं... लोखंड तर आहे."

विनिता त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला पहिल्यांदा वाटला तो हेवा. या माणसाला येतंय. गाडीसाठी येतंय. आपल्याला माणसासाठी आलं नाही. मग ती घरात गेली, त्यांच्या मुलीकडून पाण्याचा तांब्या मागून आणला आणि ते पाणी पिईपर्यंत त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हात त्यांच्या हुंदक्यांबरोबर हलत होता.

"काका, बसा शेजारी. एक चक्कर मारू. लायसन्स काढलंय, पण मला अजून नीट येत नाही," ती म्हणाली.

कॉलनीत त्यांनी तीन चकरा मारल्या. "क्लच हळू सोडा. घाई कोणाला आहे?" ते सांगत राहिले. तिसऱ्या चकरेला त्यांचा आवाज पूर्ववत झाला. मग ती एकटी, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता, मागच्यांचे हॉर्न ऐकत बाग सेवनियाला आली.

हप्ते कटत गेले. तिसऱ्या महिन्यात तिने मागचे टायर बदलले. ऑफिसच्या आवारात गाडी उलटी लावायला ती शिकली. बाकी सगळं होतं तसंच होतं.

दिवाळीला आशय आला. सकाळच्या गाडीने येणार म्हणून ती त्याला घ्यायला राणी कमलापती स्टेशनला गेली. फोननंतर ते दोघं मोजकंच बोलत होते. त्याने बॅग मागे टाकली, शेजारी बसला आणि ती गाडी काढते कशी ते पाहत राहिला. "चांगली चालवतेस," एवढं म्हणाला. सावरकर सेतू उतरेपर्यंत त्याला झोप लागली. मान तिच्या बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं. झोपेत तो हुबेहूब दिलीपसारखा दिसत नव्हता, पण श्वास तसाच घेत होता, मध्येच अडकून सोडलेला.

बाग सेवनियाचं वळण आलं. वळायचं तर ब्रेक लावावा लागणार, गतिरोधकावर गाडी उसळणार. विनिता वळली नाही. मिसरोद गेलं. होशंगाबाद रोड मोकळा होता, ती चौथ्या गिअरमध्ये एका लयीत चालवत राहिली. मंडीदीपच्या कारखान्यांचे शेड दिसायला लागले तेव्हा आशय जागा झाला.

"आई, कुठे आलोय आपण?"

"मंडीदीप."

"मंडीदीप? का?"

"झोपला होतास," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नाही. तो तिच्याकडे बघत होता. तिने पुढे पाहत इंडिकेटर दिला आणि दुभाजकातल्या वळणाशी, समोरचे ट्रक जाऊ देत, गाडी थांबवली.