सगुणाक्कांच्या उशाशी ठेवलेला स्पीकर

मी एक जुना लाकडी स्पीकर आहे, मित्रांनो. अंगाने जड, रंगाने तपकिरी आणि स्वभावाने जरा फुशारकी मारणारा. बंगळूरच्या एस. पी. रोडवर कृष्णमूर्ती नावाच्या कारागिराने मला तयार केलं. फळ्या घासल्या, पुढे कापड ताणून बसवलं आणि पाठीवर चापट मारून म्हणाला, "सरी, होगु!" म्हणजे, ठीक, जा आता.

मी गेलो तो बसवनगुडीच्या एका लहानशा चर्चच्या भिंतीवर. सकाळी तिथे कन्नड उपासना असे आणि दुपारी आमच्या मराठी मंडळीची. नगर, सोलापूर, मिरजेकडून नोकरीसाठी आलेली ही माणसं. आठवडाभर परक्या भाषेत बोलून जीभ अवघडलेली असायची, मग रविवारी अशी गात की माझं कापड थरथरे. पुढे उंच, काळे, ऐटबाज स्पीकर आले आणि माझी रवानगी माळ्यावर, नाताळच्या मोडक्या चांदण्यांशेजारी झाली. तिथे माझी चौकशी केली ती फक्त उंदरांनी.

मला खाली काढलं सयाजीने. हा विमा कंपनीत कारकून, पण जीव सगळा वायरींत. चर्चचा माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर तो हौसेने सांभाळी. त्याला माझी आठवण झाली ती सगुणाक्कांमुळे.

आमचा पेटीवाला बदली होऊन गेल्यापासून गीताचा पहिला सूर सगुणाक्का द्यायच्या. पाळकसाहेब गीत सांगायचे, आक्का पहिली ओळ धरायच्या आणि मग सगळी मंडळी. त्यांचं घर चर्चसमोरच, गल्लीपलीकडे, वरच्या मजल्यावर. न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला आणि आक्का अंथरुणाला खिळल्या. सूर द्यायचं काम मंडळीतल्या ज्योतिबाकडे गेलं. खुर्चीत बसवून न्यायला मंडळी तयार होती. पण आक्का म्हणाल्या, "चौघांनी उचलायची वेळ एकदाच यायची आहे. तेव्हा न्या, मी नाही म्हणायची नाही!"

मग सयाजीने चर्चच्या खिडकीतून गल्लीवरून वायर ओढली आणि मला आक्कांच्या उशाशी स्टुलावर ठेवलं. त्या रविवारी माझ्या तोंडून उपासना सुरू झाली आणि आक्का पदराने डोळे पुसत राहिल्या. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण सुख पचलं नाही. सयाजीने सगळ्या वायरींना एकाच जातीच्या पिना लावल्या होत्या. एकदा कन्नड उपासना लांबली, याची घाई झाली आणि पठ्ठ्याने माझी पिन माईकच्या भोकात खोचली. आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो, मित्रांनो. स्पीकर आणि माईक ही सख्खी भावंडं. असं उलटं जोडलं की स्पीकर बोलायचं सोडून ऐकायला लागतो.

माझा आवाज बंद झाला. आक्कांना वाटलं, करंट गेला. त्या आपल्या कन्नड सुनेला म्हणाल्या, "रम्या, बरंच झालं गं. तो ज्योतिबा सूर असा वर धरतो, तिसऱ्या कडव्याला मंडळी धापा टाकते. आणि पाळकसाहेबांचा संदेश? भात शिजतो, मुरतो, करपतो, तरी आमेन काही येत नाही!"

हे सगळं, शब्दन् शब्द, तिकडे भर चर्चमध्ये घुमलं.

सयाजी धावत जिना चढून आला. "आक्का, स्वल्प, जरा थांबा, सगळं ऐकू जातंय!" झालं! आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. "तोंड लपवता येतं रे," त्या म्हणाल्या, "गेलेला आवाज कुठे लपवू? ने हे खोकं." सयाजीने हातापाया पडून माफी मागितली, पण छे. माझी वायर काढली गेली आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं. पुढच्या रविवारी आक्का नुसत्या खिडकीकडे बघत पडल्या होत्या. ओठ हलत होते. मंडळीशी असलेला एवढा एकच धागा तुटला होता आणि मी खोक्यासारखा खोका गप्प होतो. फार वाईट वाटलं मला.

आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी दारात कोण, तर ज्योतिबा! आक्कांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"सलाम, आक्का," तो खाली मान घालून म्हणाला. "खरं आहे तुमचं. मला सूर सापडत नाही. गेल्या रविवारी दोन कडव्यांत गीत सोडून द्यावं लागलं. तुम्हीच द्या सूर."

"इथून? आणि माझा गळा काय राहिलाय आता?"

"सयाजी वायर उलटी लावेल. मुद्दाम."

आक्कांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. रम्याने मात्र माझं तोंड भिंतीकडून वळवलं.

रविवारी सयाजीने माझी वायर पुन्हा जोडली आणि माझ्यातून पाळकसाहेबांचा आवाज आला. त्यांनी गीत सांगितलं आणि म्हणाले, "आक्का, मंडळी थांबली आहे." मग कट्ट झालं, तिकडे सयाजीने पिन बदलली आणि मी ऐकू लागलो. आता आक्कांना तिकडचं काही कळणार नव्हतं. कोणी हसतंय की थांबलंय, काहीच नाही. रम्याने मला उचलून अगदी जवळ धरलं आणि हळूच म्हणाली, "हाडी, अत्ते." गा, सासूबाई.

आक्का गायल्या. दुसऱ्याच शब्दावर आवाज फाटला. तरी ओळ त्यांनी पुरी केली आणि डोळे मिटून म्हणाल्या, "वाया गेलं गं."

कट्ट! माझ्यातून अख्खी मंडळी गाऊ लागली, आक्कांच्याच खालच्या सुरात. तिसरं कडवं आलं, चौथं आलं, कोणाला धाप लागली नाही. आक्कांनी हात लांब करून माझ्या कापडावर ठेवला आणि गीत संपेपर्यंत काढला नाही.

मित्रांनो, माझं कापड आता फाटलं आहे, ते शिवलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्याही घरात कोणी पडून असेल. त्यांना तुम्ही रेडिओ लावून देता, टीव्ही लावून देता, चांगलंच करता. तेवढ्यावर थांबू नका. जरा जवळ बसा, गप्प राहा आणि त्यांना पहिली ओळ धरू द्या.