काचेवर न चालणारा माऊस

मित्रांनो, नावाने उंदीर असूनही ज्याने आयुष्यात कधी काही कुरतडलं नाही, असा मी एक जुना माऊस आहे. कारखान्यात माझ्या पोटात एक छोटा लाल दिवा बसवला गेला. त्याच्या उजेडात मी खालची जागा न्याहाळतो आणि आपण किती सरकलो ते संगणकाला कळवतो. मला ऑप्टिकल माऊस म्हणतात.

मला विकत घेतलं एका फोटो स्टुडिओने. स्टुडिओ एका भावाबहिणीचा. भाऊ फोटो काढायचा आणि थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, गिऱ्हाइकांचे फाटके, डागाळलेले जुने फोटो संगणकावर नीट करायच्या. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी किती पुसलेल्या भुवया आणि किती उडालेली बटणं परत आणली, याला गणती नाही. काम मनासारखं झालं की मला हलकेच एक टिचकी मारायच्या. तेवढ्याने मी दिवसभर खूश असायचो.

मग स्टुडिओचं रूप पालटलं. लाकडी टेबल गेलं आणि काचेचं आलं. भाऊ हरखला, माझी मात्र बोलती बंद झाली. माझा उजेड काचेतून आरपार जायचा, पाहायला काही उरायचंच नाही. पडद्यावरचा बाण जागचा हलेना. माऊस बिघडला असं ठरवून भावाने मला खणात टाकलं आणि लेसर माऊस आणला.

खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. त्याची नजर फार तीक्ष्ण. काचेवरची न दिसणारी धूळसुद्धा त्याला दिसते आणि तेवढ्या आधारावर तो चालतो. बोट जरा हललं की बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

मावशींची मात्र पंचाईत झाली. एक बेकरीवाला आपल्या आईचा फोटो घेऊन आला होता. तिचा तेवढा एकच फोटो, आणि घडी नेमकी डोळ्यांवरून गेलेली. मावशी पापणी काढायला गेल्या की रेघ करवतीसारखी दातेरी यायची. पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा तेच. बेकरीवाला हेलपाटे घालून कंटाळला. शेवटी मावशी भावाला म्हणाल्या, "माझा हात गेला रे. आता दुसरं कुणीतरी बघ."

भावाने खूप समजावलं, पण नव्या कोऱ्या माऊसवर दोघांपैकी कुणाचाच संशय गेला नाही.

मावशी आपला खण आवरायला बसल्या. चष्म्याची डबी निघाली, ब्रश निघाले, मग मी. त्यांनी मला फोटोमागे लावायच्या एका जाड पुठ्ठ्यावर ठेवलं आणि उगाच, निरोप घ्यावा तशी, माझी वायर जोडली. लाल दिवा लागला. खाली काच नव्हती, खरखरीत पुठ्ठा होता. बाण हलला.

मावशींनी बेकरीवाल्याच्या आईचा फोटो पुन्हा उघडला. त्यांनी एक पापणी काढली, मग दुसरी. रेघ गुळगुळीत आली. भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "ताई, कुठे गेलाय हात? हा काय, आहे की." मावशींनी चष्मा काढून डोळे पुसले.

आता गिऱ्हाइकांना फोटो दाखवायला काचेवर लेसर असतो आणि मावशींच्या पुठ्ठ्यावर मी. आमचं भांडण नाही. जुना माऊसच अचूक, असं भाऊ सगळ्यांना सांगतो.

पण मित्रांनो, तुम्हाला म्हणून सांगतो. मावशींचा हात खरंच थरथरतो. तो माझ्या पाठीवर असतो, मला कळणार नाही का? लेसर खोटं बोलला नव्हता. ती थरथर तो इमानाने पडद्यावर उतरवत होता. माझी नजर तेवढी तीक्ष्ण नाही, म्हणून थरथर माझ्याकडून सुटते आणि रेघ तेवढी उरते.

तुमच्या घरातही असे हात असतील. त्यांना एखादं काम जमेनासं झालं, तर हात गेला म्हणण्याआधी हाताखालची वस्तू बदलून बघा. आणि माझ्यासारखा कुणी जुना माऊस असेल, तर त्याच्या दिव्यावरची धूळ मधूनमधून पुसत जा. मावशींकडे अजून कितीतरी जणांच्या आयांचे डोळे रेखायचे राहिले आहेत.