मिक्सर लावला तर चालेल का?

मुलीनं भिजवलेले काजू चाळणीत उपसले, पाणी निथळू दिलं आणि ओट्याकडे बघत विचारलं,

“मिक्सर लावला तर चालेल का?”

“चालेल की,” श्वासताई म्हणाली.

श्वासताई हे तिचं रुग्णालयातलं नाव. दिवसभर एक्स-रेच्या खोलीत ती ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ एवढंच म्हणत असते, म्हणून वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला तीच हाक मारतात. घरी मात्र तिला हाकच नव्हती. या मुलीच्या वडिलांशी लग्न करून ती इथे आली त्याला आठ महिने झाले होते. पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःची आई होती. दुसऱ्या शहरात, पण चांगली धडधाकट, रोज फोन करणारी. तेव्हा ‘आई’ हा शब्द आधीच गेलेला. वडिलांनी मावशी सुचवून पाहिलं, काकू सुचवून पाहिलं. मुलीनं दोन्ही वेळा ‘बघू’ म्हटलं आणि एक अजबच भाषा शोधून काढली. तिच्यात ‘तू’ नव्हतं आणि ‘तुम्ही’ही नव्हतं. चावी कुठे ठेवलेली आहे, उद्या लवकर निघायचंय का, दार उघडता येईल का. आठ महिने तिनं असे रेटून नेले, एकदाही जीभ न घसरता. श्वासताईला मनातून तिचं कौतुक वाटे, आणि कौतुक संपलं की वाईट वाटे. फार वाईट वाटे. तिला काही कुणाची आई व्हायचं नव्हतं. या घरात आपल्याला उद्देशून कुणीतरी बोलावं, एवढंच हवं होतं.

नवरा छापखान्यात होता. एरवी त्याची पाळी सकाळची, पण दुपारच्या पाळीचा सहकारी आजारी पडला म्हणून आज दुपारी गेला होता. जाताना बायकोच्या कानाशी येऊन ‘जमेल ना?’ असं कुजबुजून गेला, जणू घरात वाघ बांधला होता.

जेवणाचा बेत मुलीचा. महिन्याभरापूर्वी तिनं ‘मी व्हीगन झालेय’ असं जाहीर केलं, तेव्हा बाप गालाला साबण तसाच ठेवून बाथरूममधून धावत आला होता. त्याला ‘विघ्न’ ऐकू आलं होतं. दूध, लोणी, चीज सगळं बंद, हे कळल्यावर त्यानं चार दिवसांचं खूळ म्हणून विषय सोडून दिला. श्वासताईनं सोडला नाही. ती पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायला लागली, आणि ज्या बिस्किटांत दूधपावडर निघाली ती तिनं मुकाट्यानं स्वतः खाऊन संपवली.

मोठ्या पसरट पॅनमध्ये आता कांदा, लसूण आणि मशरूम परतून झाले होते. त्यातच मुलीनं कच्चा पास्ता ओतला, वर पाणी घातलं आणि झाकण ठेवलं. वेगळा उकडून घ्यायला नको का, असं श्वासताईनं विचारलंच. मुलगी म्हणाली, नको, पास्त्याचं पीठ पाण्यात उतरतं, त्यानंच सगळं मिळून येतं, आणि शिवाय घासायला भांडं एकच. एका दमात एवढं ती आजवर कधी बोलली नव्हती.

मग तिनं मिक्सर लावला. झाकण ढिलं होतं, त्यामुळे दोन्ही हातांनी दाबून धरावं लागत होतं. श्वासताई गॅसपाशी उभी होती, पण बघत होती मुलीकडे. दाबून धरताना पोरीची जीभ थोडी बाहेर आली होती. बापाची तश्शीच येते, स्क्रू पिळताना. त्या नादात पॅनचं झाकण थडथडायला लागल्याचं श्वासताईच्या लक्षातच आलं नाही.

“अगं, बघतेस काय! गॅस बारीक कर ना!” मुलगी ओरडली.

तेवढ्यात मिक्सर बंद झाला, आणि ‘कर ना’ हे दोन शब्द शांत स्वयंपाकघरात भलतेच मोठे ऐकू आले.

श्वासताईनं गॅस बारीक केला. झाकण काढलं, फेस खाली बसला. मुलीचे कान लाल झाले होते. श्वासताईला इतका आनंद झाला की तोंड लपवायला ती फडकं घेऊन शेगडी पुसत राहिली, स्वच्छ झाल्यावरसुद्धा. मग, आजवर जपून जपून बोलणारी ती, पाठमोरीच खेकसली,

“ओरडायला काय झालं? आण ते काजू.”

मुलीनं काजूची पेस्ट आणून पॅनमध्ये ओतली. बघता बघता सगळं पांढरंशुभ्र आणि दाट झालं. वर मिरपूड पडली, लिंबू पिळलं गेलं. चमचा पुढे करत मुलगी म्हणाली, मीठ बघता येईल का?

झालं. आली मूळपदावर. श्वासताईनं मीठ बघितलं आणि बरोबर आहे म्हणाली. खरं तर तिला चवच कळली नव्हती.

टेबलावर वर्तमानपत्राची घडी घालून त्यावर पॅन ठेवला. दोघी समोरासमोर बसल्या. मुलीनं डाव उचलला, पॅनवर नेला आणि तसाच धरून ठेवला. तिचे ओठ किंचित हलत होते. वाक्य जुळवणं चाललं होतं. श्वासताईला वाटलं, आपणच काहीतरी बोलून तिला सोडवावं. पण तिनं पेल्यांत पाणी ओतायला घेतलं.

आता काही उतू जात नव्हतं. कसली घाईही नव्हती.

“तू घे आधी,” मुलगी म्हणाली.