सिल्विनोचं टेकाड

"फांदी हलवू नकोस रे! पाइन आहे का तो तुझा, घाव घालायला?"

खालच्या बांधावरून झुल्मिरा ओरडली तशी सिल्विनोच्या हातातली फांदी सुटली. लाल फळं बादलीत कमी आणि पायाशीच जास्त पडली होती, आणि त्यांच्या जोडीला पांढऱ्या फुलांचा सडा. झुल्मिरा धापा टाकत वर आली आणि कमरेवर हात ठेवून ते सगळं बघत राहिली.

"झालं कल्याण! अरे, ही फुलं म्हणजे पुढच्या वर्षीची फळं. मेद्रोन्यूच्या फळाला पिकायला वर्ष लागतं, म्हणून तर फूल नि फळ एकाच वेळी एकाच फांदीवर असतात. पिकलेलं फळ नुसतं बोट लावलं की हातात येतं. नाही आलं तर राहू दे, उद्या परत यायचं."

"उद्या कसला येतोय! उद्या लूर्देश मला वकिलाकडे नेणार आहे."

लूर्देश ही त्याची एकुलती एक लेक, कोइंब्रा शहरात राहायची. त्याचं हे टेकाड निलगिरी लावणाऱ्या कंपनीला विकायचं तिनं ठरवलं होतं आणि सिल्विनोनं मान डोलावली होती. दुसरं करणार काय? त्याचा जन्म पाइनची साल तासून राळ काढण्यात गेलेला. टेकाडावर पहिली आग लागून पाइन जळाले, त्यानंतर त्यांची रोपं गवतासारखी दाट उगवली, तेव्हा आनंदानं तो गावभर सांगत सुटला होता. पण ती रोपं बियांचे शंकू धरण्याआधीच दुसरी आग आली. जमिनीत बी उरलं नव्हतं, बी टाकायला मोठं झाडही नव्हतं. पाइन गेला तो गेलाच. परत आली ती ही मेद्रोन्यूची झुडपं, जळलेल्या बुडख्यांतून. पायात येतात म्हणून दर हिवाळ्यात तो ज्यांना शिव्या घालत छाटायचा, तीच.

गावात याच फळांची दारू गाळायची भट्टी होती ती झुल्मिराची. आज पहाटेच तिनं त्याला दारातून ओढून आणलं होतं. "विकायचं तर विक," ती म्हणाली होती, "पण आधी काय विकतोयस ते तरी बघ!"

दुपारी लूर्देश पाव आणि चीज घेऊन वर आली. बापाच्या मिशीला लाल गर चिकटलेला बघून तिला हसू फुटलं.

"बाबा, उद्याचं लक्षात आहे ना?"

"मी येत नाही," सिल्विनो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मला विकायचं नाही."

"आणि परत आग लागली म्हणजे? मागच्या आगीच्या दिवशी तुमचा फोन लागत नव्हता. रात्रभर मी तुम्हाला मेलेलं धरून बसले होते, ठाऊक आहे?" झुल्मिरानं तोंड फिरवलं आणि उगाचच पाव कापायला घेतला.

"आग लागणारच, बाळा," तो हळूच म्हणाला. "लागली की मी पळेन, तुझ्याकडे येईन. तुझी शपथ. पण हे बघ, दोनदा जळलं, मी तर किती वेळा छाटलं, तरी बुडापासून फुटून आलंच. निलगिरीवाले आले की पहिली यांचीच मुळं उपटतील. मी यांच्या मुळावर उठलो होतो गं, आणि यांनीच मला जगायला कारण दिलं. देवाचे उपकार, नि हिचेसुद्धा." त्यानं झुल्मिराकडे बोट केलं.

"माझे उपकार फेड म्हणजे झालं," झुल्मिरा डोळे पुसत म्हणाली. "तुझ्या फळांची भट्टी लागली की पहिली बाटली माझी!"

लूर्देशनं पायाशी पडलेलं एक लाल फळ उचलून बादलीत टाकलं.

"वकिलाला नाही म्हणून कळवते," शेवटी ती म्हणाली. "पण धुराचा वास आला रे आला की निघायचं. वाद नाही घालायचा."

"नाही घालणार."

लूर्देश कोट काढून फळं तोडायला खालच्या झुडपांकडे गेली. सिल्विनोची बादली आता जड झाली होती, आणि उतारावर ठेवावी तर घरंगळली असती. शेजारीच एका जळक्या पाइनचं काळं खोड उभं होतं. राळेचं मातीचं भांडं अडकवायला त्यानंच कधीतरी ठोकलेला खिळा त्यात अजून होता, गंजलेला. त्यानं हातानं तो चाचपून पाहिला आणि भरलेली बादली हळूच त्यावर टांगली. खिळ्यानं भार धरला.