मळवलीचं चौदा गुंठ्यांतलं घर

तुषार वाघोले देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर होता आणि त्याला रिटायर व्हायला आठ महिने उरले होते. त्यानंतर सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं. दोन खोल्यांच्या त्या क्वार्टरमध्ये त्याची आणि सुषमाची सत्तावीस वर्षं गेली होती. सुट्टीच्या दिवशी दोघं तळेगावात, देहूत फ्लॅट बघत हिंडायचे. प्रत्येक ठिकाणी सुषमा आधी बाल्कनीत जायची, खाली वाकून बघायची आणि गप्प होऊन परत यायची. ती उर्से गावची, अंगणात वाढलेली. चौथ्या मजल्यावर आपलं काय आहे, हे तिला कळायचं नाही.

मग सप्टेंबरअखेर कामशेतच्या पप्पू नावाच्या एजंटनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. मळवलीत स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर एक बैठं दगडी घर होतं, कौलारू, पुढं पडवी आणि भोवती चौदा गुंठे जागा. मुंबईच्या एका शिक्षक जोडप्यानं पन्नास वर्षांपूर्वी बांधलेलं. ते दोघं गेले, मूलबाळ नव्हतं, आता नाशिकची अनिता नावाची पुतणी विकायला निघाली होती. सुषमानं तो फोटो इतक्या वेळा मोठा करून बघितला की पडवीच्या खांबावरचा वेल कसला आहे, हेही तिनं ओळखलं.

तुषारला मात्र जुनं घर म्हणजे डोकेदुखी वाटत होती. शेवटी त्याची एकच अट होती, की नथूमामांनी घर बघायचं आणि ते नको म्हणाले की विषय संपला. नथूमामा सुषमाचे सख्खे मामा, वडगाव मावळचे जुने गवंडी. चाळीस वर्षांत त्यांनी किती घरं उभी केली, याचा त्यांनाच पत्ता नव्हता. सुषमानं आनंदानं मान डोलावली, पण मामा तोंड बघून बोलणाऱ्यातले नव्हते, हेही तिला माहीत होतं.

रविवारी सकाळी लोकलनं दोघं निघाले. वडगावला मामा चढले. हातात पिशवी, पिशवीत हातोडी, लांब स्क्रू ड्रायव्हर आणि भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा. पावसाळा सरता सरताच घर बघावं, त्या वेळी भिंतीतली ओल लपत नाही, असं ते म्हणाले. मग मळवलीपर्यंत खिडकीतून भात किती तयार झालाय तेवढंच बघत बसले.

पप्पू फाटक उघडून उभाच होता. विसापूरच्या माथ्यावरचे ढग अजून हलले नव्हते. गुडघाभर गवतात दोन आंबे, एक फणस आणि मधोमध ते घर. सुषमाला वाटलं, फोटोत हे सगळं कितीतरी लहान होतं. ती चप्पल काढून गवतातून चालायला लागली. इथं वाल लावायचा, तिथं अळू, त्या कोपऱ्यात गोठाही होईल. मागून तुषार सापांबद्दल काहीतरी सांगत होता.

मामा घाईत नव्हते. त्यांनी आधी बाहेरून घराला दोन फेऱ्या मारल्या. समोरच्या भिंतीला ओळंबा लावला आणि हुं केलं. आत जाऊन ते स्टुलावर चढले आणि छपराच्या एकेका वाशात स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघायला लागले. वासे सागवानी होते, टोक आत जाईना. वरच्या पट्ट्या मात्र वाळवीनं पोखरल्या होत्या, हाताला भुगाच आला. कौलं उतरवून सगळ्या पट्ट्या बदलाव्या लागतील, वायरिंगचा तर विचारच करू नका, असं त्यांनी सांगितलं. पण सांगतानाचा त्यांचा आवाज खुशीतला होता. त्यांनी तांब्याभर पाणी मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर ओतलं, ते कुठल्याच बाजूला पळालं नाही. विहिरीचं पाणी त्यांनी ओंजळीत घेऊन चाखलं आणि आणखी एक ओंजळ प्यायले. सुषमानं तुषारकडं बघितलं. तो हसू दाबत होता, म्हणजे त्यालाही जागा आवडायला लागली होती.

मग ते स्वयंपाकघरात आले. घराच्या पाठीमागं काढलेली ती लांबट खोली होती. मामांनी कोपऱ्यातल्या भिंतीवर बोट फिरवलं. चुना ताजा होता. बाकी भिंत पिवळी पडलेली आणि कोपऱ्यातला एकच पट्टा पांढरा. त्यांनी पप्पूकडं बघितलं. पप्पू फोन बघायला लागला. मामांनी हातोडीचे टोले मारले तसा चुना सुटला आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेली भेग दिसली. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"पाया बसतोय," मामा म्हणाले. "सुषमे, हे घर सोड."

पप्पू जुन्या घरात एवढंतेवढं असायचंच, असं काहीबाही सांगायला लागला, तेव्हा तुषारनं त्याला हातानं थांबवलं. सुषमा मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं. आता पुन्हा बाल्कन्या बघायच्या, एवढंच तिच्या मनात येत होतं.

तेवढ्यात कुंपणालगतच्या गवतातून एक म्हातारी पुढं आली. डोक्यावर गवताचा भारा होता. मागच्या डोंगरालगतच्या वाडीवरची मुक्ताबाई. घर बांधणाऱ्या गुरुजींनी तिला इथलं गवत न्यायला सांगून ठेवलं होतं, तेव्हापासून ती येत होती. घर घेताय का, असं तिनं विचारलं. सुषमानं घ्यायचं होतं पण पाया कच्चा निघाला, असं सांगितलं. मुक्ताबाईनं भारा खाली टाकला.

"कच्चा? कोन म्हनलं?" ती म्हणाली. "पाया खनताना आमीच हुतो हितं. माजं लगीन होऊन वरीसच झालं हुतं. काळा कातळ लागस्तवर खनाय लावलं गुर्जींनी. लय दगड वाह्यले मी."

सुषमा उठून उभी राहिली. मग ही भेग कशी पडली, असं तिनं विचारलं.

"ह्या खोलीला व्हय? ही खोली तवाची न्हाई, पोरी. ही मागनं जोडली. बाई चुलीच्या धुरानं खोकायच्या, म्हनून भायेर चूल काढली. मातीच्या भरावावर, इटांची. हिला पायाच न्हाई."

सुषमानं मामांना हाका मारल्या. मामांनी मुक्ताबाईला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि मधेच वळून आत गेले. भेगेच्या घराकडच्या बाजूचा गिलावा त्यांनी हातभर फोडला. खाली काळा घडीव दगड लागला आणि दगडांच्या सांध्यात सिमेंटच्या नीट ओढलेल्या रेघा. असं सांधे रेखण्याचं काम गवंडी बाहेरच्या भिंतीलाच करतो. म्हणजे ही भिंत एके काळी उन्हापावसात उभी होती आणि घर तिथं संपत होतं. विटांची खोली तिला नुसती टेकली होती आणि आता आपल्या वजनानं खाली बसत तिच्यापासून सुटत होती.

मामांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. कुदळ कुठं मिळेल, असं त्यांनी विचारलं. मुक्ताबाई वाडीवर जाऊन कुदळ घेऊन आली. जुन्या भिंतीच्या कोपऱ्याला, अगदी पायाला लागून खड्डा खणायचं ठरलं. मामांचा खांदा दुखरा, म्हणून तुषारनंच शर्ट काढून आंब्याच्या फांदीला अडकवला. सुषमा हातानं माती ओढत होती. दगडी पाया सरळ खाली उतरत होता, कुठं फट नाही, कुठं तिरकेपणा नाही. कमरेइतकं खोल गेल्यावर कुदळ खणकन वाजली आणि तिच्या टोकाशी ठिणगी उडाली.

मामा खड्ड्यात उतरले, ओल्या मातीत उकिडवे बसले आणि तळहातानं कातळ पुसून बघत राहिले.

"कातळच हाय," ते म्हणाले. "माझ्या घराला न्हाई असा पाया."

सुषमानं मातीच्या हातांनीच मुक्ताबाईचे हात धरले. तुषार घामानं निथळत होता. त्यानं पप्पूला बोलावून घेतलं आणि सात-बारा, बिनशेतीचा आदेश, नकाशा, सगळे कागद सोमवारी हवेत, वडगावला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्जही मीच टाकणार, असं बजावलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात सुषमाला एवढं कळत होतं. तुषारनं कागद मागितले म्हणजे घर घ्यायचं ठरलं.

अनिताताईंना भेगेबद्दल काहीच माहीत नव्हतं. चुना पप्पूनंच फासला होता. त्या फोनवर अवघडल्या आणि मागची खोली पाडायचा, नवी बांधायचा खर्च त्यांनी आपण होऊन किमतीतून कमी केला. मोजणीत हद्द बरोबर निघाली. डिसेंबरात खरेदीखत झालं.

खोली पाडायच्या दिवशी तुषारनं रजा टाकली आणि पहिला घण आपण घालणार, असा हट्ट धरला. मामांनी घण त्याच्या हातात दिला. तिसऱ्या घावाला विटांचा अख्खा पट्टा बाहेर कोसळला आणि मागं जुनी काळी भिंत तशीच उभी राहिली. नंतर मामांनी घण काढून घ्यायचा तीनदा प्रयत्न केला, पण तुषार दुपारपर्यंत थांबला नाही. सुषमा आंब्याखाली तीन दगडांवर चहा ठेवत होती. वाडीवरून मुक्ताबाई सुनेला घेऊन आली होती. सुषमा आणि मुक्ताबाई नव्या स्वयंपाकघराचं दार कुठं असावं यावर वाद घालत होत्या. पूर्वेला, असं मुक्ताबाईचं म्हणणं. सुषमाला विहिरीच्या बाजूला हवं होतं. शेवटी मामांनी चुन्याची फक्की घेतली आणि वैतागून दोन्हीकडं दारं आखली.