चंद्रप्पाचं पेव

मी एक जुनं पेव आहे, मित्रांनो. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं. अहमदपूरजवळच्या डोंगराळ माळावर गुरुबसप्पानं मला खणलं, कडब्याचं अस्तर लावलं, ज्वारीनं भरलं. लोक मला गावाचा आधार म्हणत, तेव्हा लई बरं वाटायचं.

रझाकारांच्या धामधुमीत गावं पेटली, तेव्हा मी रिकामं होतं. गुरुबसप्पाची बायको नीलाबाई तान्ह्या चंद्रप्पाला पोटाशी धरून दोन दिवस माझ्यात लपली. वरून घोडे गेले. पोर रडलं नाही, दोघं वाचली. तेव्हापासून ते घर माझ्या पाया पडू लागलं. तिथंच घात झाला, बघा!

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. गावानं गुलाल उधळला. पण पाऊस काही जिल्हा बघून येत नाही. दोन-तीन वर्षांत माळ करपला, विहिरी आटल्या. कर्ता झालेला चंद्रप्पा खडी फोडायला जाऊ लागला. घरातला दाणा संपला, तसं त्यानं भर दुपारी माझं चार वर्षं लिंपलेलं तोंड फोडलं.

धान्य भरून बंद केलेल्या पेवात विषारी हवा कोंडते आणि ती माणूस मारते. म्हणून ते दिवसभर उघडं ठेवायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. पण घरात रॉकेलचा थेंब नव्हता.

“दम धर लेकरा, उद्या उतर,” नीलाबाई म्हणाली.

“माय, पोरं कालपासून उपाशी हायेत. अन् ह्यानंच वाचवलंय की मला! हे काय करतंय मला?”

तो उतरला. मला ओरडताही येईना! पाय ज्वारीला लागले, तो गुडघ्यावर आला, “माय” म्हणाला आणि आडवा झाला.

नीलाबाईच्या किंकाळीनं शेजारचा व्यंकटी धावला. तो आत उडी घेणार, तोच तिनं त्याच्या कमरेला मिठी घातली.

“सोड मावशे, तुझा लेक हाय आत!”

“हाव, माझाच हाय. म्हणून तर धरलं तुला. तुझ्या लेकरांकडं कोण बघंल?”

तिनं हात सोडले नाहीत. गळ टाकून चंद्रप्पाला वर काढलं, तोवर सगळं संपलं होतं. चार दिवसांनी त्याच ज्वारीच्या भाकरी पोरांनी खाल्ल्या. भूक दुखवटा पाळत नाही.

मित्रांनो, मला जपा, लिंपा. पण माझ्या उपकारांवर डोळे मिटून विसंबू नका. नीलाबाई अजून माझ्या काठाशी येऊन बसते. अगं माय, एक तरी शिवी दे ना मला!